ज्यांचे मत मिळणार नव्हते, त्यांच्यासाठी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

राजकारणात उतरण्याआधी काय शिकावे, असे तू विचारले आहेस. भाषण सरावाने येईल. तू आधी एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारणी हेन्री फॉसेट यांचे चरित्र अभ्यासावेस, असे मला मनापासून वाटते. १८५८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शिकारीत वडिलांच्या बंदुकीचे छर्रे लागून त्यांची दृष्टी कायमची गेली. त्यांच्याविषयी सांगणारे बहुधा इथेच रेंगाळतात. मला त्यापुढचे अधिक मोलाचे वाटते. १८६३ मध्ये ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि निवडणुकांतले पराभव पचवून १८६५ मध्ये ब्रायटनमधून पार्लमेंटात गेले.

तेथे त्यांनी हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा विषय हाती घेतला. ज्या रयतेसाठी ते बोलत, तिला त्यांना मत देण्याचा अधिकारच नव्हता. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या कचेरीत, नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला, तेव्हा फॉसेट यांनी त्याला जाहीर विरोध केला. अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियातील) ब्रिटिश लष्करी मोहिमेचा भार हिंदी रयतेवर लादण्यासही त्यांनी हरकत घेतली. हिंदुस्थानचा अर्थसंकल्प अधिवेशन संपत आल्यावर, बाके जवळजवळ रिकामी असताना चर्चेला येई. अशा सभागृहात, दुसऱ्यांकडून वाचून घेतलेले अहवाल आणि आकडे केवळ स्मरणाच्या बळावर मांडत ते बोलत, आणि त्या आकड्यांना उत्तर देणे सरकारला भाग पडे. हिंदी अर्थव्यवहाराच्या चौकशीसाठी १८७१ मध्ये पार्लमेंटची समिती नेमली गेली. तिच्या कामात त्यांनी जीव ओतला, आणि याच समितीपुढे १८७३ मध्ये दादाभाई नवरोजींनी साक्ष दिली. १८७४ मध्ये ब्रायटनला पराभव झाल्यावर ते लवकरच हॅकनीतून पुन्हा निवडून आले; त्यांच्या निवडणूक खर्चासाठी हिंदुस्थानातून वर्गणी गोळा झाली होती. हा मान मला कोणत्याही मंत्रिपदाहून मोठा वाटतो.

त्यांचे सारेच विचार तू स्वीकारावेस असे मी म्हणणार नाही. खुल्या स्पर्धेवरील श्रद्धेपोटी कारखान्यांतील प्रौढ स्त्रियांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित करण्यास त्यांनी विरोध केला, तो मला पटत नाही. मात्र स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी त्याच फॉसेट यांनी पत्नी मिलिसेंट यांच्याबरोबरीने आग्रह धरला. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारात ते पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे प्रमुख, झाले. पेनीची बारा तिकिटे कागदावर चिकटवून गरिबाला शिलिंगाचे बचत खाते उघडता यावे, ही सोय त्यांच्या काळात झाली; १८८३ मध्ये पार्सल टपालही सुरू झाले. १८८४ मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले.

तू आता तुझ्या नगरपालिकेचा या वर्षीचा अर्थसंकल्प मिळव. ज्या वस्तीतून तुला कधीच मते मिळणार नाहीत, तिच्या पाण्यासाठी आणि गटारांसाठी किती तरतूद झाली व त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली, हे शोधून मला सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक