कपाटातला अहवाल

प्रश्न : माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे तीन आठवड्यांपूर्वी समजले. पेट-सीटी स्कॅनच्या अहवालात काखेतील ग्रंथीपुढे ‘एसयूव्ही 4.8’ असे आणि उजव्या फुप्फुसात 4 मिलिमीटरची ‘अनिश्चित स्वरूपाची’ गाठ असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांची भेट पाच दिवसांनी आहे. मी रात्ररात्र मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसतो. अहवाल कपाटात ठेवला असून तिला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगितले आहे. माझे चुकते आहे का?

उत्तर : अहवाल समजून घेण्याची तुमची धडपड चुकीची नाही, कपाटाबद्दल मात्र पुढे बोलू.

पेट स्कॅनपूर्वी शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज देतात आणि साधारण तासाभराने, ते शरीरात कुठे किती शोषले गेले, याचे चित्र घेतात. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक ओढतात हे खरे. पण मेंदूही ती भरपूर ओढतो, मूत्राशय तर हे द्रव्य बाहेर टाकताना लख्ख उजळते, आणि जंतुसंसर्ग, बायॉप्सीची ताजी जखम किंवा त्या बाजूच्या दंडावर नुकतीच घेतलेली लस यांमुळेही ग्रंथी चमकू शकते. एसयूव्ही हे या शोषणाचे माप आहे. रक्तातील साखर, वजन आणि यंत्र यांनुसार ते बदलते. त्यामुळे 4.8 या एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. काखेतील ग्रंथीत सुई घालून घेतलेला नमुना जे सांगेल, ते हा आकडा सांगू शकत नाही. तिथे रोग निघण्याची शक्यता आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. परंतु काखेपर्यंत पोहोचलेला रोग म्हणजे दूरच्या अवयवांत पसरलेला रोग नव्हे. कर्करोगाची अवस्था ठरवताना या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात.

फुप्फुसातील गाठीबाबत ‘अनिश्चित’ हा शब्द तुम्हाला टाळाटाळीचा वाटला असेल. मला तो अहवालातील सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. एवढ्या लहान गाठीचे स्वरूप पेट स्कॅनला नीट ओळखता येत नाही. निरोगी माणसांच्या सीटी स्कॅनमध्येही अशा गाठी पुष्कळदा आढळतात आणि त्यांतील बऱ्याचशा जुन्या संसर्गाचे व्रण असतात. ती काय आहे हे अनेकदा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून, ती वाढली की तशीच राहिली, यावरूनच ठरते. म्हणूनच छातीचा जुना सीटी स्कॅन घरात असेल तर तो शोधून काढा आणि कागदी अहवालाबरोबर आताच्या स्कॅनची सीडीही न्या, कारण तुलना शब्दांची नव्हे, चित्रांची करायची असते. काखेतून नमुना घेणार का, फुप्फुसाचा स्कॅन पुन्हा केव्हा करायचा आणि तोवर उपचार थांबतील का, हे तीन प्रश्न लिहून घ्या.

आता कपाट. हा अहवाल तुमच्या पत्नीच्या शरीराचा आहे, आणि ‘सगळे ठीक आहे’ हे तुमचे वाक्य त्यात कुठेही लिहिलेले नाही. पाच दिवसांनी डॉक्टरांच्या टेबलावर तो उघडेल, तेव्हा तिला दोन धक्के बसतील: एक आजाराचा आणि दुसरा तुम्ही लपवल्याचा. आजच तिला सांगा, ‘अहवाल आला आहे, मी वाचला आणि घाबरलो. तुला पाहायचा आहे का?’ तिने ‘आत्ता नको, डॉक्टरांकडेच ऐकू’ असे म्हटले, तर आग्रह धरू नका, फक्त फाइल तिच्या हाताला लागेल अशी बाहेर ठेवा.