‘काही झालं तर?’ विचारून थांबू नका

एकट्याने परदेशात दोन-तीन महिने राहायला निघालेली तरुण मुलं-मुली हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. कुणी शिकायला, कुणी नुसतं फिरायला. देश वेगवेगळे, पण वाक्य ठरलेलं: “मॅडम, तिकडे काही झालं तर?” गंमत म्हणजे बहुतेकांची तयारी चोख असते. घोडं माहितीपाशी अडलेलं नसतंच.

सायलीचंही (नाव बदललं आहे) तसंच. वय २४, कोल्हापूरची. नोकरी सोडून व्हिएतनाम उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत रेल्वेने आणि बसने बघायचा बेत होता. ९० दिवसांचा ई-व्हिसा हातात, विमानाचं तिकीट काढलेलं. आणि लॅपटॉपवर एक्सेलची भलीमोठी यादी, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘तर?’. रोज रात्री यादी वाढायची आणि झोप उडायची. तिकीट रद्द करावं का, हे विचारायला ती आली होती.

सुरुवातीच्या भेटी तिने मन मोकळं करण्यात गेल्या. मग एकदा मी विचारलं, “यातली सगळ्यात वाईट ओळ कुठली?”

“पासपोर्ट हरवला तर.”

“बरं, हरवला. मग?”

“मग काय, संपलंच सगळं.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे असशील?”

ती जरा चिडलीच. “हॉस्टेलवरच असणार ना!”

“काय करत असशील?”

“रडत.”

“रड की. अकरा वाजता काय करशील?”

तिला हसू आलं. “पोलिसांत तक्रार देईन. मग आपला दूतावास हानोईत आहे, हो ची मिन्ह सिटीतही वाणिज्य दूतावास आहे. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं तिथे. पासपोर्टची झेरॉक्स बाबांकडे ठेवलीय...” बोलता बोलता ती थांबली. “मॅडम, हे तर मला सगळं माहीतच होतं.”

होतंच. पण रोज रात्री ती स्वतःला प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत पुढची ओळ लिहायला घ्यायची. प्रश्न अर्धा सोडला की मन तिथे सगळ्यात भयंकर चित्र भरतं. यादी ही तयारी नव्हती, उत्तर टाळण्याची सोय होती. हे मला तिच्या त्या ‘संपलंच’मधून दिसलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावर कान तेवढे तयार होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास हेच मांडायला सुरुवात केली: माणूस घटनेने जितका घाबरत नाही, तितका तिच्याबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने घाबरतो. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत रुजवला. मी त्याच वाटेची, ते लपवत नाही.

तुम्हीही निघाला असाल तर प्रत्येक ‘तर?’पुढे दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असाल ते लिहा. ‘कार्ड चाललं नाही तर?’ या ओळीपुढे दुसरं कार्ड, तेही वेगळ्या बॅगेत ठेवलेलं, एवढं उत्तर पुरतं. ‘आजारी पडले तर?’पुढे विम्याचा फोन नंबर आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

काही भीती मात्र रास्त असते, तिचं ऐकायचं. सायलीला उत्तरेकडच्या डोंगरात स्कूटर चालवायची होती. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारानुसार असतो, तो व्हिएतनाममध्ये चालत नाही. विनापरवाना अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते. ती ओळ उत्तर शोधून सुटणारी नव्हती. स्कूटर रद्द.

नुसत्या बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलत सुटले. मी सायलीला म्हटलं, बंगळूरच्या रात्रीच्या गाडीने जा आणि चित्रदुर्गला उतर. कानडी येत नाही ना? उत्तम. फोन फक्त घरी कळवण्यापुरता, नकाशा बघायचा नाही. जेवण, किल्ला, परतीची गाडी, सगळं विचारत विचारत.

भल्या पहाटे ड्रायव्हरने तिला हायवेवरच उतरवलं. पुढचं तिच्याच शब्दांत: “पंधरा मिनिटं टरकले होते. मग एका चहावाल्याला हातवारे करून विचारलं. किल्ल्यापर्यंत मॅडम, अख्खं गाव माझ्याशी बोललं!” तिकीट रद्द करायचा विषय तिने त्यानंतर काढला नाही.

शेवटच्या भेटीला तिचे बाबा सोबत आले. फोन रोज नाही, एक दिवसाआड, आपल्या रात्री आठला, म्हणजे तिकडच्या साडेनऊला, हे दोघांनी आधीच ठरवलेलं. पण बाबा उठेचनात. “फोन आलाच नाही तर हो?”

मी काही म्हणायच्या आत सायलीने त्यांच्यापुढे कागद सरकवला. “बाबा, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काय कराल ते लिहा.”

त्यांनी बराच वेळ घेतला. मग लिहिलं: हॉस्टेलला फोन. उत्तर नाही, तर तिच्या मैत्रिणीला. तरी नाही, तर दूतावास. त्याखाली त्यांनी आपणहून आणखी एक ओळ घातली: तिच्या आईला आधी चहा करून देणे.