‘स्किनामारिंक’ : कुणाची झोप उडते, कुणाला झोप लागते, असं का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘स्किनामारिंक’ या हॉरर सिनेमाबद्दल अर्धे लोक म्हणतात की इतकं भीतीदायक काही पाहिलंच नव्हतं, आणि अर्धे म्हणतात की पावणेदोन तास नुसतं कार्पेट दाखवलंय. खरं कुणाचं? मी नेरूळला राहतो, शनिवारी रात्री मित्रांना घरी बोलावून बघायचा बेत आहे, बघू का?

दोघांचंही खरं. कार्पेट आहेच, भरपूर आहे. आणि ज्यांची झोप उडाली त्यांची खरोखरच उडाली, ते काही भाव खात नाहीयेत. शनिवारच्या बेताचं मात्र आधीच सांगून टाकतो : बघा, पण मित्रांना बोलावू नका.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. काइल एडवर्ड बॉल या कॅनडातल्या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. गोष्ट घडते १९९५ साली. चार वर्षांचा केविन आणि सहा वर्षांची त्याची बहीण रात्री उठतात तर वडील घरात नाहीत, आणि घराची दारं-खिडक्या नाहीशी होत चाललीयत. झाली गोष्ट. शंभर मिनिटांत मुलांचे चेहरे धड दिसत नाहीत. कॅमेरा छताच्या कोपऱ्याकडे, दाराच्या चौकटीकडे, जमिनीवर पसरलेल्या लेगोकडे बघत बसतो. उजेड काय तो टीव्हीवरच्या जुन्या कार्टूनचा. मुलं कुजबुजतात, तेही इतकं हळू की काही वाक्यांना सबटायटल द्यावं लागलंय.

बॉल याआधी यूट्यूबवर लोकांकडून त्यांची वाईट स्वप्नं मागवायचा आणि त्यांवर छोटे व्हिडिओ करायचा. त्यात त्याच्या लक्षात आलं की एक स्वप्न बऱ्याच जणांना लहानपणी पडलेलं असतं : मी घरात आहे, आई-वडील कुठेच नाहीत, आणि घरात दुसरंच काहीतरी आहे. सिनेमा त्यातून आला. खर्च १५ हजार डॉलर, त्यातला बराचसा लोकांकडून वर्गणी काढून जमवलेला. तेव्हाच्या दराने बारा लाख रुपयांच्या आसपास. मी ठाण्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घोडबंदर रोडवरच्या लॉनवर होणारी लग्नं याहून महाग पडतात. शूटिंग एडमंटनमध्ये, दिग्दर्शक ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्याच घरात, म्हणजे जागेचं भाडंही नाही. थिएटरमध्ये कमाई झाली २० लाख डॉलरच्या घरात.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा हा की ही कला नव्हे, ही काटकसर आहे. चेहरे दाखवायचे नाहीत म्हणजे एवढ्याशा पोरांकडून अभिनय काढून घ्यायची कटकट नाही. संवाद मागाहून डब. सगळीकडे अंधार, म्हणजे सेट नको आणि लाइटवाल्यांची फौजही नको. मुद्दा बिनचूक आहे. पण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ‘काटकसर की कला’ असा सवालच कामाच्या जागी कुणी विचारत नाही. पैसे नाहीत म्हणून एक निर्णय घेतला जातो, आणि तो चांगला घेतला असेल तर पुढे लोक त्याला शैली म्हणतात. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा लांब आहे. मधल्या भागातून वीस मिनिटं तरी कापता आली असती आणि एकाही माणसाची भीती कमी झाली नसती.

भीती येते कुठून तेही बघा. सिनेमा डिजिटलवर शूट केलाय आणि नंतर त्यावर जुन्या फिल्मसारखे दाणे चढवलेत. काळोखात ते दाणे सारखे वळवळत असतात. माणसाच्या डोळ्यांना असं काही दिलं की मेंदू गप्प बसत नाही, तो त्यात आकार शोधतो, आणि सगळ्यात आधी चेहरा शोधतो. ढगात किंवा भिंतीच्या ओलीत तोंड दिसतं ना, तेच. दाराच्या काळ्या चौकटीकडे पंधरा सेकंद बघितल्यावर तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागतं. दिग्दर्शकाने तिथे कुणाला उभं केलंय की नाही हा प्रश्नच नाही. उभं करायचं काम तुम्हीच केलेलं असतं. ज्याने हे काम केलं नाही, लक्ष दुसरीकडे होतं म्हणा किंवा ‘आता काहीतरी दाखवतील’ म्हणून वाट बघत बसला म्हणा, त्याला चौकट फक्त चौकट दिसते. तो ‘बोअर झालो’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जे होतं तेच सांगतो.

आमच्या घरात हा प्रयोग आयताच झाला. कळव्याला दादाकडे आम्ही चौघं बसलो होतो : दादा, वहिनी, मी आणि ऐरोलीचा माझा एक मित्र. पहिल्या पाच मिनिटांत दादाने रिमोट घेतला आणि ब्राइटनेस वाढवला. टीव्हीवरचा अंधार राखाडी झाला आणि निम्मा सिनेमा तिथेच मेला. मग म्हणाला, “आवाज गेलाय का रे? केबल बघ जरा.” वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली तेव्हा मात्र सगळे दचकले. सिनेमात अजून काहीच झालं नव्हतं. पुढे एक प्रसंग आहे : मुलगी वरच्या खोलीत जाते, पलंगाच्या कडेला वडील पाठमोरे बसलेत, आणि तिला सांगितलं जातं की पलंगाखाली बघ. दादा मोबाइलवर. वहिनीने पाय उचलून सोफ्यावर घेतले, गुडघ्यांवर ओढणी ओढली आणि बोलली काहीच नाही. संपल्यावर दादाचं मत एका वाक्यात, “हे तर मीपण काढतो, आपल्या पॅसेजमध्ये.” वहिनी पाणी प्यायला उठली ती आधी पॅसेजचा दिवा लावून.

यात हुशार कोण आणि अडाणी कोण? दोघंही नाहीत. वहिनी चिपळूणकडच्या घरात वाढलेली, रात्री लघवीला जायचं म्हणजे पडवी आणि अंगण ओलांडून जायचं. मोठ्या अंधाऱ्या घरात एकटं असणं म्हणजे काय हे तिच्या अंगात मुरलंय. मित्र आता ऐरोलीला असला तरी वाढला वाशीच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये, आई-बाबा दोघं नोकरीला; शाळेतून येऊन गळ्यातल्या किल्लीने दार उघडायचं आणि साडेसात वाजेपर्यंत टीव्ही लावून बसायचं. त्यालाही सिनेमा चांगलाच लागला, विशेषतः रिकाम्या खोलीत आपला आपण चालू असलेला टीव्ही. आणि आम्ही दोघं भाऊ चरईच्या चाळीतले. एका खोलीत सात माणसं, दाराबाहेर कॉमन गॅलरी, तिथे काका-आजोबा झोपलेले. रात्री जाग आली तर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पाय पडायचा. ‘घरात कुणीच नाही’ ही भीती आम्हाला लहानपणी कधी भेटलीच नाही. आमची भीती वेगळी होती, संडासला जाताना जिन्याखालून जावं लागायचं त्याची.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की असले सिनेमे स्वतःचं भूत घेऊन येत नाहीत, ते तुमच्याकडचं वापरतात. तुमच्याकडे त्या जातीचं नसेल तर मग शंभर मिनिटं कार्पेट.

यात बघायच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. २०२२ मध्ये हा सिनेमा महोत्सवांत दाखवला जात असतानाच एका ऑनलाइन महोत्सवातून फुटला आणि टिकटॉकवर व्हायरल झाला. म्हणजे पहिल्या लाटेतल्या पुष्कळ लोकांनी तो रात्री, एकट्याने, हेडफोन लावून लॅपटॉपवर बघितला. मग जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तो थिएटरांत लागला, तेव्हा ‘सगळ्यात भीतीदायक सिनेमा’ ही कीर्ती ऐकून शुक्रवारची मित्रमंडळी पॉपकॉर्न घेऊन आली. दोन गटांनी एकच फाइल बघितली, पण सिनेमा एकच बघितला असं मी म्हणणार नाही.

आणि फाइलही एकच असते असं नाही. टेलिग्रामवर फिरणाऱ्या तीनशे-चारशे एमबीच्या कॉपीत काय होतं ते मला रोज दिसतं. व्हिडिओ लहान करताना सॉफ्टवेअर आधी बारीक दाणे आणि गडद छटा उडवतं, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त डेटा लागतो. काळोखाचे चौकोनी ठोकळे पडतात. रिसेप्शनच्या मंद लाइटमधला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला की नवरीच्या काकांचा फोन येतोच, “अहो, हे काय डागडाग दिसतंय?” लग्नात ठोकळे दिसले तर फोन येतो, इथे तर सिनेमाचं सगळं भांडवलच ते दाणे आहेत. तशी कॉपी बघून ज्याने शिव्या घातल्या, त्याने जे बघितलं त्याला शिव्याच योग्य आहेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे इंटरव्हल. हळूहळू चढत जाणाऱ्या सिनेमाच्या बरोबर मध्ये दिवे लागतात, समोशाची रांग, मागच्या सीटवरून “पुढे काय होणार सांगू का?” परत बसेपर्यंत पारा शून्यावर. त्यात ठाण्याच्या थिएटरांतला प्रेक्षक घाबरला की गप्प बसत नाही, बोलतो. “अगं लाइट लाव ना आधी!” ही हाक मी इतक्या भुताच्या सिनेमांत ऐकलीय की ती आता साउंडट्रॅकचाच भाग वाटते. धमाल येते, खोटं कशाला बोलू. पण ती धमाल ज्या सिनेमात भूत बाहेर येऊन उभं राहतं त्याच सिनेमाला मानवते.

ही फूट काही या एका सिनेमापुरती नाही. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची एक कंपनी पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून शाळेसारखी श्रेणी घेते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या ‘हेरेडिटरी’ला २०१८ मध्ये तिथे डी प्लस मिळाली, त्याआधी ‘द विच’ला सी मायनस. ही श्रेणी सिनेमा चांगला की वाईट हे सांगत नाही. ट्रेलरने जे कबूल केलं ते मिळालं का, एवढंच सांगते. ट्रेलर कापणारा जास्तीत जास्त तिकिटं खपवायला बसलेला असतो, त्यामुळे तो सिनेमातले चार दचके एका मिनिटात ठासून भरतो. आलेला माणूस तसले चाळीस दचके मागतो. फसवणूक झाली असं त्याला वाटलं तर चूक त्याची नाही.

१९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चं तर याहून पुढे गेलं होतं. त्याला लहान बजेटच्या सिनेमांसाठी असलेला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला, आणि त्याच सिनेमातल्या मुख्य अभिनेत्रीला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनयाचा रॅझीही मिळाला. जंगलात चुकलेली बाई रडते तेव्हा नाकातून पाणी येतं, ते एका गटाला खरं वाटलं आणि दुसऱ्याला बघवेना.

‘मग तुंबाड कसा सगळ्यांना आवडला?’ असं कुणीतरी विचारेलच. सगळ्यांना लगेच नव्हता आवडला. ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला तेव्हा कमाई बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला. मधल्या काळात लोकांनी तो घरी बघितला होता, काय मिळणार ते माहीत होतं, आणि तेच मोठ्या पडद्यावर बघायला आले. शिवाय तुंबाडमागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, त्यात लोभ आहे, आजी आहे, शाप आहे, गर्भागारात उतरणं आहे. कॅमेरा कितीही देखणा असला तरी धरायला गोष्ट आहे. ‘स्किनामारिंक’ तुमच्या हातात काहीच देत नाही. त्यामुळे त्याचं असं एकमत कधी होईल असं मला वाटत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

मला चीड येते ती ‘तुम्हाला कळला नाही’ म्हणणाऱ्यांची. कळण्यासारखं त्यात आहे काय? कोडं नाही, गूढ अर्थ नाही, शेवटी उलगडा नाही. घाबरायला होतं किंवा होत नाही. हसू न आलेल्या माणसाला विनोद समजावून सांगण्यात जेवढा अर्थ, तेवढाच यात. उलट बाजूचे ‘आवडला म्हणणारे सगळे ढोंगी’ म्हणतात, त्यांनी आमच्या वहिनीला भेटावं. तिला आर्ट फिल्म म्हणजे काय हे विचाराल तर ती तुम्हाला चहा विचारेल.

तर शनिवारचं. सिनेमा एकट्याने बघा, फार तर एका शांत माणसाबरोबर. रात्री, पंखा बंद करून, कारण कुजबूज पंख्याच्या आवाजात जाते. हेडफोन. ब्राइटनेसला हात लावू नका, मोबाइल दुसऱ्या खोलीत. अधिकृत प्लॅटफॉर्मवर मिळाला तर तिथेच बघा, नैतिकता बाजूला ठेवली तरी दाण्यांसाठी. पहिली पंचवीस मिनिटं द्या. तोवर एकदाही कोपऱ्याकडे डोळे ताणून बघितलं नाहीत तर बंद करा, पुढे काही बदलत नाही.

आणि मित्रांना बोलावलंच असेल तर त्यांना ‘लपाछपी’ लावा. २०१७ चा आहे, मराठी आहे, ऊसाच्या फडात घडतो, आणि त्यातली भुतं समोर येतात. सीवूड्सवरून काहीतरी खायला मागवा आणि भरपूर आरडाओरडा करा.