दिवंगत अभिनेत्याचा चेहरा जाहिरातीत वापरायला मुलाचा होकार पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न असा: अभिनेते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलाने होकार दिलाय, मग त्यांच्या जुन्या चित्रपटातलं दृश्य घेऊन जाहिरात करायला काय हरकत? हरकत ही की मुलाचा होकार फार तर एका हक्कापुरता असतो, आणि तो हक्क खरंच मुलाकडे आहे का हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही.

आधी हे काढा की मृत्यूसमयी ते कायद्याच्या दृष्टीने कुठले रहिवासी होते. नाव, चेहरा, आवाज यांवरचा हक्क माणूस गेल्यावर टिकतो का, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. कॅलिफोर्नियात तो ७० वर्षं टिकतो. न्यूयॉर्कमध्ये ४०, पण तो कायदा लागू झाला २०२१ मध्ये, आणि त्यानंतर गेलेल्यांनाच तो लागू पडतो. जर्मनीत १० वर्षं धरतात, ब्रिटनमध्ये असा स्वतंत्र हक्कच नाही. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, आणि सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात असं म्हटलं. अमेरिकेतलं इंडियाना राज्य मात्र रहिवास बघतच नाही. वापर तिथे झाला की त्यांचा कायदा लागू, आणि मुदत १०० वर्षं. म्हणून जाहिरात कुठे कुठे दिसणार याची यादीही पहिल्याच दिवशी करायची.

रहिवासाचा मुद्दा किती महागात पडतो ते हॉलिवूडच्या अभिनेत्री मर्लिन मन्रो यांच्या बाबतीत दिसलं. त्या १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी वारल्या. पण मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचा वारसा कर टाळण्यासाठी त्या न्यूयॉर्कच्या रहिवासी असल्याचं अधिकाऱ्यांना सांगितलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली हक्क मागायची वेळ आली तेव्हा तेच कागद आडवे आले, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला.

हक्क आहे असं ठरलं की मालक शोधा. मृत्युपत्र मागा, ट्रस्ट आहे का विचारा, हक्क एखाद्या कंपनीला आधीच विकलेत का ते बघा. कॅलिफोर्नियात वारसांनी केलेल्या नोंदी सरकारदरबारी पाहता येतात, आणि तिथे परवानगी द्यायला अर्ध्याहून जास्त हिस्सा लागतो. तीन भावंडांत समान वाटणी असेल तर एकाची सही कामाची नाही. कधी मृतानेच दार लावून घेतलेलं असतं: हॉलिवूडचे अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी २०१४ च्या मृत्यूनंतर २५ वर्षं आपला चेहरा वापरण्यावर बंधन घातलंय.

आता क्लिपकडे या. बहुतेक लोक इथेच फसतात. दृश्याचा कॉपीराइट सहसा निर्मात्याकडे किंवा स्टुडिओकडे असतो, कुटुंबाकडे नाही. स्थिरचित्र असेल तर बहुधा छायाचित्रकाराकडे. मागे गाणं वाजत असेल तर रचनेचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. चौकटीत दुसरा नट ओळखू येत असेल तर त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी आणखी वेगळी. यातलं एक जरी राहिलं तरी तयार जाहिरात पडून राहते.

अशी जाहिरात करण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. जुनं दृश्य घेऊन त्यात वस्तू बसवणं, किंवा चेहरा संगणकावर नव्याने घडवणं. पहिली मला जास्त प्रामाणिक वाटते. १९९७ मध्ये दिवंगत नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांच्या जुन्या नाचात व्हॅक्यूम क्लीनर बसवला, तोही पत्नीच्या परवानगीने. असं काम जमायचं असेल तर मूळ दृश्यातल्या वस्तूचा आकार, पकड आणि वजनाचा झोक नव्या वस्तूशी जुळावा लागतो. हात हलकी काठी फिरवतोय आणि तिथे जड यंत्र दिसलं, तर डोळ्याला लगेच खुपतं. त्याशिवाय प्रकाशाची दिशा, फिल्मचे कण आणि वस्तूची सावली. सावली विसरली की वस्तू तरंगते.

नव्याने घडवायचं तर २०१३ ची दिवंगत अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांची चॉकलेटची जाहिरात बघा: शरीर दुसऱ्या अभिनेत्रीचं, चेहरा संगणकाचा. यात डोळे सगळ्यात अवघड. पापण्यांची लय आणि नजर कुठे टेकते हे चुकलं की चेहरा निर्जीव दिसतो. म्हणून शॉट लहान ठेवा आणि चेहरा फार वेळ अगदी जवळून दाखवू नका.

एक गोष्ट मी कळकळीने सांगेन: त्यांच्या तोंडी वस्तूची शिफारस घालू नका. त्यांनी ती वस्तू वापरलेली नाही, मत दिलेलं नाही. प्रेक्षकाची ती फसवणूकच आहे. वस्तू त्यांच्या आयुष्याशी विसंगत नाही ना, हेही तपासा. २०१३ मध्ये ब्रूस ली यांना संगणकावर उभं करून व्हिस्कीची जाहिरात केली, तेव्हा ते दारू पीत नसत म्हणून चाहते चिडले. मुलीच्या सहभागाने ते टळलं नाही. २०२३ मध्ये ब्राझीलमध्ये दिवंगत गायिका एलिस रेजिना यांना मोटारीच्या जाहिरातीत मुलीसोबत गाताना दाखवलं. रेजिना ब्राझीलच्या लष्करी राजवटीच्या विरोधक, आणि मोटार कंपनीने त्याच राजवटीला साथ दिलेली. कुटुंब राजी होतं, तरी जाहिरात नियामकाने चौकशी सुरू केली; पुढे ती बंद झाली.

करारात वस्तूचा प्रकार, देश, माध्यमं, मुदत आणि छोट्या आवृत्त्यांची संख्या आकड्यांत लिहा. वारसांची मान्यता तीन टप्प्यांवर घ्या: पटकथा, कच्चं संकलन, अंतिम प्रत. फक्त शेवटी दाखवलंत तर नकाराची किंमत अख्खं चित्रीकरण असते. चेहऱ्याचं त्रिमितीय मॉडेल आणि आवाजाचं मॉडेल काम संपल्यावर कुणाकडे राहणार आणि कधी पुसणार, हे स्वतंत्र कलमात घाला. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख टिपून ठेवा, कारण वितरकांच्या आणि विक्रेत्यांच्या पानांवर चढवलेल्या प्रती आपोआप उतरत नाहीत. त्या एकेक शोधून काढाव्या लागतात.