इतिहासाची पदवी, छत्तीस लाख आणि साडूभाऊंची पॉलिसी

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५१, खासगी कंपनीत खरेदी विभागात नोकरी, हातात महिना ८२ हजार, निवृत्ती ५८ ला. पीएफमध्ये २२ लाख, एफडी ११ लाख, घर स्वतःचं. मुलगी बारावी झाली, ८८ टक्के. तिला इतिहासच घ्यायचा आहे. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने चार वर्षांचा, वसतिगृहासकट, ३६ लाखांचा आकडा दिला आहे. प्रश्न एका ओळीचा: "इतिहासाच्या पदवीला पैशाच्या हिशेबात काही किंमत आहे का, की तिथेच बीबीएला घालू?"

पत्राच्या शेवटी, ‘जाता जाता कळवतो’ म्हणून, आणखी चार ओळी आहेत. खरं पत्र त्या चार ओळींतच आहे. पैशांची सोय साडूभाऊंनी करून दिली आहे. ते विमा एजंट. एफडी मोडायची, घर तारण ठेवून २५ लाख काढायचे (साडेदहा टक्के, १५ वर्षं). मुलगी दहावीत असताना घेतलेली ‘शिक्षण’ पॉलिसी चालूच ठेवायची: वार्षिक हप्ता दीड लाख, मुदत १५ वर्षं, तीन हप्ते भरून झालेले. आणि कर्जाच्या हप्त्याला हातभार म्हणून वर्षाला १ लाख २० हजारांची नवी ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसी घ्यायची.

नमस्कार. आधी इतिहासाचं बोलतो, कारण ते लवकर संपेल.

पाच-सहा लाखांत होणारी इतिहासाची पदवी ठीक आहे. छत्तीस लाखांची नाही. बीबीएसुद्धा नाही, कारण तिथेही छत्तीसच भरायचे आहेत. पंचवीस लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना साधारण २७,६०० येतो. म्हणजे अनुदानित कॉलेजातून बीए झालेल्या मैत्रिणीपेक्षा तुमच्या मुलीने पंधरा वर्षं, दर महिन्याला, कर वजा जाता २७,६०० जास्त कमावले तर फक्त कर्ज फिटलं. मोडलेल्या एफडीचे ११ लाख यात धरलेलेच नाहीत. नुसत्या इमारतीच्या काचा बघून इतका जास्त पगार कुणी देत नाही.

आणि कृपया ‘इतिहास घेतला की यूपीएससी सोपी जाते’ हे घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. नागरी सेवा परीक्षेची २०२४ ची जाहिरात १,०५६ जागांची होती आणि अर्ज दहा लाखांच्या आसपास. हजारात एक. ज्याला द्यायची त्याने जरूर द्यावी, पण कर्जफेडीच्या तक्त्यात ती धरू नये. प्राध्यापकीचंही तेच. नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे तुमच्याच जिल्ह्यात भेटतील, सुट्टीत त्यांचे तास बंद आणि पैसेही बंद. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार, पण ती मिळवावी लागते.

बरं, मग रस्ता काय? तोही साधाच आहे. तुमच्या गावात विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून उभं आहे. ज्या संस्थेचं फर्ग्युसन, तिचंच ते. पुण्यालाच जायचं असेल तर अनुदानित वर्गाची फी हजारांत असते, लाखांत नाही. खरा खर्च खोली आणि मेसचा, महिना बारा-तेरा हजार. तीन वर्षांचे सगळे मिळून पाच-सहा लाख. पुढे गोडी टिकली तर पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे. नाही टिकली तर कोणत्याही पदवीवर तीन वर्षांचं एलएलबी किंवा दोन वर्षांचं बीएड करता येतं. तिने मोडी लिपी मात्र आत्ताच शिकायला घ्यावी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा जुनी दप्तरं वाचायला मोडी येणारी माणसं सरकारला शोधत फिरावं लागलं. वडिलोपार्जित जमिनीचे मोडी कागद वाचून घेणारे पक्षकार आजही पैसे मोजतात. कोट्यधीश कुणी होत नाही त्यात, पण कॉलेजात असताना हातखर्च सुटतो.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं. आता तुम्ही न विचारलेलं.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात ते फार बरं केलंत. त्यावर ‘विमाधारक’ या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. तुमचं नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे, रक्तदाबाची गोळी तुम्हाला चालू, आणि विमा काढलाय दहावीतल्या मुलीचा! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल. हप्ता माफ होण्याची पुरवणीही त्यात दिसत नाही. तुमच्या नावावर आहे तो कंपनीचा पाच लाखांचा गट विमा, आणि तो नोकरी असेपर्यंतच. त्यात पंचवीस लाखांचं कर्ज घरावर चढवलंत तर वहिनींच्या वाट्याला पाच लाख आणि बँकेची नोटीस येईल.

दुसरं. पॉलिसी ‘शिक्षणासाठी’, आणि पिकणार मुलगी तीस वर्षांची झाल्यावर. फी आत्ता भरायची आहे. साडूभाऊंनी वय मोजलं नाही की मोजून गप्प बसले, ते मी विचारत नाही. आकडे बघा: दीड लाख गुणिले पंधरा, साडेबावीस लाख भरायचे, त्यांच्या कागदावर शेवटी ३४ लाख. दीडपट झाले म्हणून खूश होऊ नका, हा परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी साडेचाळीस लाखांच्या जवळ जातात.

म्हणजे तुम्ही साडेदहा टक्क्यांनी कर्ज काढून पाच टक्क्यांच्या पॉलिसीचा हप्ता भरणार आहात. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेली पॉलिसी जगवायला मुलीच्या शिक्षणाचं कर्ज!

नव्या पॉलिसीवर तर मी शाई वाया घालवणार नाही. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, ‘गॅरंटीड इन्कम’ तेराव्या वर्षापासून. मधली बारा वर्षं हातभार कोण कुणाला लावणार? २७,६०० कर्जाचे, साडेबारा हजार जुन्या पॉलिसीचे, दहा हजार नव्या पॉलिसीचे. ८२ हजारांतून ५० गेले. आणि कर्ज संपेल तुमच्या ६६ व्या वर्षी. निवृत्तीनंतरची आठ वर्षं, वर्षाला ३ लाख ३१ हजार: साडेसव्वीस लाख. तुमचा आजचा सगळा पीएफ त्याला पुरत नाही.

आता जुन्या पॉलिसीचं काय करायचं? सरेंडर करू नका, म्हणजे मध्येच मोडून पैसे परत मागू नका. तीन वर्षांत हाती फार थोडं येतं. हप्ते थांबवून ती पेड-अप होऊ द्या, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरती, कमी रकमेची, मुदतीपर्यंत चालू राहील. तुमच्या कागदांतल्या बोनसच्या दराने मुदतीअखेर सुमारे सव्वासहा लाख मिळावेत, पण नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या. प्रामाणिकपणे सांगतो, उरलेले हप्ते पीपीएफच्या दराने गुंतवले तरी शेवटी फरक लाख-सव्वा लाखाचाच पडतो. पैसे पडून असते तर एवढ्यासाठी साडूशी वाकडं घ्या असं मी म्हटलं नसतं. पण ते पडून नाहीत. वर्षाला दीड लाख म्हणजे मुलीची पुण्यातली खोली आणि मेस, बरोब्बर. हप्ता थांबला की तिचं बीए कर्जाशिवाय होतं, एफडीला फीपुरताच हात लागतो आणि घराचे कागद कपाटात राहतात.

त्यानंतरचं पहिलं काम तुमचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. ७५ लाखांचा, साठीपर्यंतचा. या वयात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास पडेल, गोळीमुळे थोडा जास्तही. गोळी लपवू नका, लपवलीत तर ऐन वेळी दावा अडकतो. टर्ममध्ये ‘काहीच परत मिळत नाही’ असं साडूभाऊ म्हणतील. खरं आहे, त्यांनाही फारसं मिळत नाही.

शाखेत जाल तेव्हा मुलीला सोबत न्या. अल्पवयीन मुलांच्या नावावरच्या पॉलिसीची मालकी साधारणपणे अठरा पूर्ण झाल्यावर मुलाकडे जाते. पॉलिसीच्या बाँडवर ‘व्हेस्टिंग’ची, म्हणजे मालकी बदलण्याची, तारीख बघा. ती उलटली असेल तर अर्जावर सही तुमची चालणार नाही, तिचीच लागेल.