ॲबाला ऑस्ट्रेलियानं डोक्यावर घेतलं, मग अमेरिकेनं का नाही?

प्रश्न : माझ्या ऑस्ट्रेलियन सहकारी बाईंना ॲबा या स्वीडिश ग्रुपची गाणी तोंडपाठ आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना बाईंचे डोळे भरून येतात. त्याच वयाच्या माझ्या अमेरिकन मित्राला मात्र एक-दोन गाण्यांपलीकडे काही आठवत नाही. एवढा फरक कशानं पडतो? देशादेशांची आवडच वेगळी, असं म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : नका सोडून देऊ. ‘आवड वेगळी’ हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. आवड पुढची गोष्ट. आधी गाणं कानावर पडावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. आणि ते कानापर्यंत कोण पोहोचवतं, याची व्यवस्था प्रत्येक देशात निराळी होती.

एप्रिल १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला ॲबानं ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकली. हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अमेरिकेतही सहाव्यापर्यंत पोहोचलं. म्हणजे अमेरिकनांना ॲबा मुळातच रुचली नाही, असं म्हणायला जागा नाही. वाटा फुटल्या त्या नंतर.

ऑस्ट्रेलियात तेव्हा एबीसी या सरकारी वाहिनीवर ‘काउंटडाउन’ नावाचा गाण्यांचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागायचा आणि तो देशभर दिसायचा. मार्च १९७५ मध्ये तिथे रंगीत टीव्ही आला. स्वीडनहून इतक्या लांब दर गाण्यासाठी जाणं ॲबाला शक्य नव्हतं, म्हणून ते गाण्यांच्या छोट्या फिल्म करून पाठवत. त्या करायचा लासे हालस्ट्रोम, जो पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आला. ‘मामा मिया’ या गाण्याची फिल्म अवश्य बघा. पांढरे कपडे, आणि अग्नेथा व फ्रिडा या ॲबाच्या दोन गायिकांचे चेहरे अगदी जवळून : एक थेट आपल्याकडे बघणारा, दुसरा बाजूनं दिसणारा. मग चटकन अदलाबदल. खर्च फारसा दिसत नाही, पण नजर हलत नाही. नव्याकोऱ्या रंगीत टीव्हीवर हे बघणाऱ्या मुलांचं काय झालं असेल, याची मला पूर्ण कल्पना येते.

खरी गंमत पुढेच आहे. हे गाणं सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढायचा स्वीडनच्या कंपनीचा विचारच नव्हता. ‘काउंटडाउन’नं ती फिल्म दाखवली, मागणी वाढली, ऑस्ट्रेलियातल्या आरसीए कंपनीनं आग्रह धरला आणि रेकॉर्ड निघाली. ती तिथे दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७६ मध्ये ‘फर्नांडो’ चौदा आठवडे! मार्च १९७७ मध्ये ॲबा प्रत्यक्ष दौऱ्यावर गेली, तेव्हा देश आधीच त्यांचा झालेला होता. तुमच्या सहकारी बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं ते यामुळे. त्यांच्या पिढीतल्या मुलांनी एकाच संध्याकाळी, एकाच वेळी, तेच चेहरे पाहिले होते.

अमेरिकेत असा एक दरवाजा नव्हताच. तिथे शहरागणिक रेडिओ स्टेशनं, त्यातही प्रत्येकाचा साचा ठरलेला : कुठे रॉक, कुठे सोल, कुठे कंट्री. कुठलं गाणं लावायचं हे त्या-त्या स्टेशनचा माणूस ठरवणार. अशा देशात शिरायचं तर गावोगाव कार्यक्रम करत महिनोन् महिने फिरावं लागे. ॲबाला ते नको होतं. घरी लहान मुलं होती, अग्नेथाला विमानाची धास्ती होती आणि त्यांचा जीव रमायचा तो स्टुडिओत. उत्तर अमेरिकेचा त्यांचा एकमेव दौरा झाला तो थेट १९७९ च्या सप्टेंबरमध्ये. ‘मामा मिया’ तिथे बत्तिसाव्या क्रमांकावरच थांबलं. ब्रिटनमध्ये ॲबाची नऊ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत एकच, १९७७ मध्ये ‘डान्सिंग क्वीन’.

या आकड्यांकडेही जरा जपून बघावं. ब्रिटनची लोकप्रिय गाण्यांची यादी तेव्हा रेकॉर्डच्या विक्रीवर ठरायची, अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या यादीमध्ये विक्रीसोबत रेडिओवरचं वाजणंही धरलं जायचं. म्हणजे रेडिओवाल्यांनी गाणं लावलं नाही, तर खपाचं नुकसान होतंच, शिवाय क्रमांकही घसरतो.

उलटं उदाहरणही स्वीडनचंच आहे आणि ते माझं फार लाडकं आहे. रॉक्सेट या स्वीडिश जोडीच्या गाण्यांना ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अमेरिकन शाखेनं नकार दिला होता. पण स्वीडनला शिकायला गेलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं परतताना त्यांची रेकॉर्ड सोबत आणली आणि मिनिॲपोलिसच्या केडीडब्ल्यूबी या स्टेशनला नेऊन दिली. तिथे ‘द लुक’ वाजलं, फोन सुरू झाले, इतर स्टेशनांनीही ते उचललं. एप्रिल १९८९ मध्ये गाणं अमेरिकेत अव्वल! त्या वर्षात अमेरिकनांची आवड काही बदलली नव्हती. बंद दार एका मुलानं उघडलं, इतकंच. बॅकस्ट्रीट बॉइज हा गायकांचा ग्रुप तर अमेरिकेतल्याच ऑर्लँडोचा, पण त्यांना आधी जर्मनीनं उचलून धरलं. मायदेशी त्यांचा पहिला अल्बम निघाला १९९७ मध्ये.

प्रश्न : आता सगळं जग एकाच वेळी एकच गाणं ऐकू शकतं. मग हा फरक मिटायला हवा ना?

उत्तर : कमी झालाय, मिटलेला नाही. कोरियाच्या बीटीएस या ग्रुपचा अल्बम २०१८ मध्ये अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत पहिला आला. चाहते ऐकत होते, विकत घेत होते, तरी रेडिओ स्टेशनं त्यांची कोरियन गाणी क्वचितच लावत. २०२० मध्ये ‘डायनामाइट’ हे पूर्ण इंग्रजी गाणं आलं, ते रेडिओवरही वाजलं आणि ‘हॉट १००’मध्ये त्यांना पहिला क्रमांक मिळाला. ग्रुप तोच, आवाज तेच. त्यांची आधीची कोरियन गाणी याहून सरस आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि रेडिओनं ती वाजवायला हवी होती.