टूसॉनचं विमान म्युझियम आणि 'बोनयार्ड' एका दिवसात होईल का?

होईल, आणि नक्की जा. तुम्ही डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला येताय, सोबत गुडघेदुखी असलेल्या वहिनी, आणि विमानांचं वेड एकट्या तुम्हाला, असं प्रश्नावरून दिसतंय. मी फिनिक्सलाच राहतो आणि देशाहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याच राज्यातल्या टूसॉनला नेणं हे आता माझं ठरलेलं काम आहे, म्हणून लिहितो.

आधी बोनयार्डबद्दल, म्हणजे वापरातून काढलेली लष्करी विमानं ठेवायच्या जागेबद्दल, कारण अपेक्षाभंग तिथे होतो. डेव्हिस-मोंथन हवाई तळाच्या आवारात सुमारे 2,600 एकरांवर लष्कराची तीन-चार हजार विमानं उभी असतात. हा चालू लष्करी तळ आहे, तिथे मनाला येईल तसं शिरता येत नाही. पिमा एअर अँड स्पेस म्युझियममधून आत नेणारी बसफेरी होती, ती 2020 मध्ये कोविडमुळे थांबली. त्यामुळे निघण्याआधी म्युझियमच्या वेबसाइटवर बघा आणि आत जायला मिळेलच असं धरून बेत आखू नका. कोल्ब रोड मात्र बोनयार्डच्या मधूनच जातो. मुलीला गाडी चालवू द्या, तुम्ही खिडकीशी बसा. कुंपणापलीकडे रांगाच्या रांगा दिसतात.

त्या रांगांना लोक सर्रास 'विमानांचं कब्रस्तान' म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 पासून, बी-29 बॉम्बर आणि सी-47 मालवाहू विमानं इथे आणून ठेवली, ती इथली हवा बघून. वर्षाला पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पडतो. गंज धरत नाही. जमीनही इतकी टणक की काँक्रीट न घालता अवजड विमानं उभी करता येतात. विमानाच्या काचांवर आणि इंजिनाच्या तोंडावर पांढरा लेप दिसेल. तो रबरासारखा सोलून काढता येतो. खालचा थर काळा असतो, वरचा पांढरा थर ऊन परतवतो, त्यामुळे आतली यंत्रं भाजत नाहीत. 'घोस्ट रायडर' नावाचं बी-52 बॉम्बर इथे वर्षानुवर्षं उभं होतं, ते 2015 मध्ये उडून परत सेवेत गेलं. अर्थात सगळ्यांचं नशीब तसं नाही. सोव्हिएत संघाशी झालेल्या अण्वस्त्रकपातीच्या 1991 च्या करारानंतर 365 बी-52 इथेच तोडली. काहींवर क्रेनने उचललेलं सहा टनी पातं सोडत, आणि रशियन उपग्रहांना मोजता यावेत म्हणून तुकडे उघड्यावर ठेवत.

आता म्युझियम. चारशेच्या आसपास विमानं आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. राष्ट्राध्यक्ष केनेडी वापरत ते डीसी-6, एसआर-71 हे हेरविमान, पोटात अख्खा रॉकेटचा भाग मावेल असं फुगीर सुपर गपी, बोइंग 787 चा एक सुरुवातीचा नमुना, एवढं पुरे. उरलेला वेळ बी-24 लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरपाशी घालवा. मी पाहुण्यांना नेतो तो खरं तर त्यासाठीच.

हे विमान आपल्या हवाई दलाचं. युद्धानंतर ब्रिटिश निघाले तेव्हा लिबरेटर विमानं कानपूरला टाकून गेले, आणि पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून गेले. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी तो भंगार जमेल तसा जोडला आणि जिमी मुन्शी नावाच्या चाचणी वैमानिकाने ती विमानं एकेक करून कानपूरहून बंगळूरला नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली. पुण्याच्या लोहगावला सहा नंबरच्या स्क्वाड्रनने समुद्रावरच्या टेहळणीसाठी लिबरेटर वापरली, ती 1968 पर्यंत. इतर देश तोवर ही विमानं कधीच मोडीत काढून बसले होते. 1969 मध्ये हे विमान स्वतःच्या पंखांवर टूसॉनला आलं, म्युझियम लोकांसाठी खुलं व्हायच्याही सात वर्षं आधी. आज त्याच्यावर अमेरिकी रंग आणि 'बंगे बकरू' हे नाव आहे, त्यामुळे आपली माणसं फोटो न काढता पुढे जातात. जवळ जाऊन पत्र्यावरच्या रिव्हेटच्या ओळी बघा. यातलं काय मूळचं आणि काय बंगळूरचं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. हँगरमध्ये माहिती द्यायला हवाई दलातली निवृत्त मंडळी असतात. भारतातून आलोय एवढं सांगा, मग ते तुम्हाला सोडत नाहीत.

वहिनींसाठी: मोठी हँगर्स सपाट आहेत, चढउतार नाही. बाहेरच्या मैदानात चालणं फार पडतं, तिथे ट्रॅमची फेरी घ्या. तिचे पैसे वेगळे पडतात, पण डिसेंबरात त्या फेरीत ऊनही सुखाचं लागतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा मी कुणाला नेत नाही. नाताळच्या दिवशी म्युझियम बंद असतं, तेवढी तारीख टाळा. सकाळी लवकर निघालात तर चारपर्यंत सगळं आटोपतं. शाकाहारी असाल तर गाडीत डबा ठेवा.